एकुलतं पिल्लू आणि सिझरची तारीख

श्वानसोबत : लेखांक ९

पिल्लं कमी असली की घरातले निर्धास्त असतात. आठ-नऊ पिल्लं पोटात घेऊन धापा टाकत फिरणाऱ्या लॅब्रॅडॉरची सगळ्यांना धास्ती वाटते, आणि सोनोग्राफीत एकच गर्भ दिसलेल्या पॉमेरेनियनबद्दल मात्र ‘एकच तर आहे, पटकन सुटेल’ असं म्हटलं जातं. डॉक्टर नेमकी अशाच वेळी भरवल्याची तारीख पुन्हा पुन्हा विचारतात आणि घरच्यांना वाटतं, हे आतापासूनच ऑपरेशनकडे ओढतायत. हा संशय दर वेळी निराधार असतो असं मी म्हणणार नाही. पण एक-दोन पिल्लांच्या गाभणपणात सिझरचा विचार कळांची वाट न पाहता, शांत डोक्याने आधीच करून ठेवावा लागतो.

कारण शरीरातच आहे. कुत्रीचं गाभणपण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत प्रोजेस्टेरॉनवर टिकून असतं आणि ते तयार होतं फक्त अंडाशयातल्या पीतपिंडांत. बायकांमध्ये हे काम काही आठवड्यांनी वार उचलते, कुत्रीत तसं होत नाही. दिवस भरत आले की पिल्लांच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढतं, त्यामुळे वारेतून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, ते पीतपिंड मोडीत काढतं, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि कळांना वाट मोकळी होते. थोडक्यात, वेळ झाल्याची वर्दी पिल्लांकडून जाते. चिखलात रुतलेली जीप आठ जणांच्या धक्क्याने निघते. एकट्याने कितीही जोर लावला तरी चाक जागच्या जागी फिरत राहतं. एकट्या पिल्लाचं कॉर्टिसॉल कित्येकदा असंच अपुरं पडतं. प्रोजेस्टेरॉन खाली येत नाही, कळा सुरू होत नाहीत, आणि इकडे वारेचं आयुष्य मात्र संपत आलेलं असतं. पिल्लाला मिळणारा प्राणवायू कमी कमी होत जातो आणि ते आतच दगावतं. बाहेर कुत्री मजेत जेवत असते, शेपटी हलवत असते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. सगळी जागा आणि सगळं पोषण एकट्याच्या वाट्याला आल्याने ते पिल्लू बऱ्याचदा थोराड होतं आणि आईच्या कटीतून निघताना अडकतं. शिवाय गर्भपिशवी पुरेशी ताणली न गेल्याने कळा आल्या तरी त्यांना जोर नसतो.

आता थर्मामीटरबद्दल. व्यायच्या आधी कुत्रीचं तापमान उतरतं, हे बहुतेक श्वानपालकांना ठाऊक आहे. एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असणारा पारा ९९च्या आसपास किंवा त्याखाली आला की साधारण चोवीस तासांत कळा लागतात. नियम चांगला आहे आणि शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घेऊन वहीत लिहावंच. पण पारा उतरतो तो प्रोजेस्टेरॉन कोसळल्यामुळे. एकाच पिल्लाच्या बाबतीत तेच कोसळत नाही, म्हणून पाराही उतरत नाही. घरचे रोज तापमान घेतात, रोज १०१ दिसतं आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणून थांबतात. ही खूण ज्यांना सर्वांत जास्त हवी असते, त्यांनाच ती दगा देते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? तारखेवर, फक्त ती योग्य हवी. गेल्या लेखांकात आपण बीज कधी सुटलं ते सांगणारी, माजाच्या काळातली रक्ततपासणी पाहिली, तिचा खरा उपयोग इथे होतो. बीज सुटल्यापासून मोजलं तर कुत्रीचं गाभणपण ६३ दिवसांचं असतं, एखादा दिवस इकडे-तिकडे. भरवल्यापासून मोजलं तर तेच ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत कुठेही संपू शकतं. नराचं बीज मादीच्या शरीरात कित्येक दिवस तग धरतं, आणि मादीचं बीज सुटल्यावर पक्व व्हायलाच दोन-तीन दिवस घेतं, म्हणून हा फरक. ‘नवव्या आणि अकराव्या दिवशी भरवली’ एवढीच नोंद असेल तर पिल्लाची खरी तारीख आपल्या हाती नाही, हे आधी मान्य करावं.

पिल्लं खरंच किती आहेत हेही पक्कं करायला हवं. पंचविसाव्या दिवसानंतरच्या सोनोग्राफीत गर्भ आहे की नाही ते कळतं, ठोके दिसतात. आकड्यावर मात्र विसंबू नये. त्यासाठी पंचावन्नाव्या दिवसानंतरचा एक्स-रे. तोवर हाडं पुरेशी भरलेली असतात आणि डोकी, मणके मोजता येतात. ‘एक्स-रेने पिल्लाला इजा होईल’ ही भीती मी नेहमी ऐकतो. या टप्प्यावर अवयव घडून झालेले असतात. एका फिल्मची भीती बाळगण्यापेक्षा आत एकच पिल्लू आहे हे माहीत नसण्याची बाळगावी.

एकच किंवा दोनच पिल्लं आहेत, असं नक्की झालं की माझं मत सरळ आहे: डॉक्टरांशी बसून तारीख ठरवा. बीज सुटल्याचा दिवस ठाऊक असेल तर काम सोपं. त्रेसष्टाव्या दिवसापर्यंत नैसर्गिक बाळंतपणाला वाव द्यावा. पुष्कळ एकटी पिल्लं आपली आपण जन्मतातही. तो दिवस कळांविना गेला तर पुढे रेंगाळू नये. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत एवढाही वाव सहसा देत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या जातींची ऐंशी टक्क्यांहून अधिक बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं होतं. तिथे मोठं डोकं आणि अरुंद कटी हेच कारण पुरेसं असतं.

बीज सुटल्याचा दिवस ठाऊक नसेल, आणि आपल्याकडे बहुधा तो नसतोच, तर साठाव्या दिवसाच्या आसपास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन दर एक-दोन दिवसांनी पाहावं लागतं. संप्रेरक माणसात आणि कुत्र्यात एकच असल्याने माणसांच्या लॅबमध्येही ही तपासणी होते (फॉर्मवर ‘स्त्री, वय ३’ वाचून काउंटरवरचा माणूस दोनदा वर बघतो, एवढंच). तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये करावी, कारण यंत्रागणिक आकडे थोडे बदलतात. आकडा दोन नॅनोग्रॅमच्या खाली आला म्हणजे पिल्लू जन्माला यायला तयार आहे. चोवीस तासांत कळा आल्या नाहीत तर सिझर. आकडा वरच अडकून राहिला आणि तारखा पुढे सरकू लागल्या तर निर्णय सोनोग्राफीवर येतो. पिल्लाच्या आतड्यांची हालचाल दिसू लागली म्हणजे दिवस भरत आलेले असतात. ठोके मिनिटाला दोनशेच्या वर हवेत. ते १८०च्या खाली घसरले तर पिल्लू त्रासात आहे, आणि १६०च्याही खाली सतत राहिले तर उद्यावर ढकलण्यासारखं काही उरत नाही.

उशिराची भीती घालताना घाईचीही घालायला हवी. ‘रविवारी सगळे घरी आहेत, रविवारीच करून टाका’ ही मागणी डॉक्टरांनी साफ नाकारावी. पिल्लाची फुप्फुसं अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत श्वास घेण्याजोगी होतात. अंदाजपंचे तारखेवर चार दिवस आधी काढलेलं पिल्लू दिसायला गोंडस, पूर्ण असतं आणि काही तासांत जातं. एकच पिल्लू असेल तर चुकीला दुसरी संधीही नाही.

कळा सुरू झाल्या तरी घड्याळ सुटत नाही. जोराच्या कळा देऊन वीस-तीस मिनिटांत पिल्लू आलं नाही, किंवा अधूनमधून कळा देत दोन तास गेले, तर गाडी काढावी. पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर वार सुटली आहे असं समजून लगेच निघावं. एकाच पिल्लाच्या बाबतीत पहिलं तेच शेवटचं. मागचे पाय आधी दिसले म्हणून मात्र घाबरू नये. कुत्र्यांमध्ये साधारण चाळीस टक्के पिल्लं तशीच येतात आणि नीट येतात.

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन ही आपल्याकडची जुनी खोड आहे, गोठ्यातून आलेली. ‘एक टोचा, मोकळी होईल’ असा आग्रह शेजारपाजारचेही धरतात. वाट उघडलेली नसताना किंवा थोराड पिल्लू अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भपिशवी आवळली जाते, वार सुटते, क्वचित पिशवी फाटतेही. डॉक्टरांनी तपासून, पिल्लू अडकलेलं नाही याची खात्री करून, अगदी कमी मात्रेत द्यायचं ते औषध आहे.

ऑपरेशन ठरलंच तर भूल कोणती देणार, हे विचारायला संकोच करू नका. प्रोपोफॉलने झोपवून नळीवाटे आयसोफ्ल्युरेन देण्याची सोय जिथे आहे तिथे पिल्लू तरतरीत निघण्याची शक्यता जास्त असते. झायलाझिनने आईबरोबर पिल्लूही मंदावतं. रात्री-अपरात्री भूल-यंत्र, प्राणवायू आणि पिल्लाला चोळून श्वास सुरू करणारा आणखी एक माणूस मिळेल का, हेही साठाव्या दिवसाच्या आत विचारून ठेवावं. गावातल्या दवाखान्यात ही सोय नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची चौकशी करावी. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत.

पिल्लू हाती आल्यावरची पहिली निकड चिकाची. पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती बहुतांश चिकातूनच येते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या चोवीस तासांत संपते. भुलीच्या गुंगीतली, विशेषतः पहिलटकरीण कुत्री पिल्लाला ओळखत नाही, कधी चावतेही. म्हणून ती शुद्धीवर येईपर्यंत हाताने धरून पाजावं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, खोका तीस अंशांच्या आसपास हवा. नागपुरात मे महिन्यात त्यासाठी दिवा लागत नाही, उलट सावली शोधावी लागते. पिल्लाचं रोज वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. एकटं पिल्लू ठरावीक आचळांनाच लागतं, बाकीचे दुधाने तटतात. ते रोज चाचपून गरम, कडक लागताहेत का पाहा.

सिझरच्या वेळीच गर्भपिशवी काढून टाकावी का, असं पुष्कळजण विचारतात. काढली तरी दूध येतं, कारण दुधाचं संप्रेरक मेंदूतल्या ग्रंथीतून येतं. वय झालेल्या किंवा पुन्हा भरवायचीच नाही अशा कुत्रीसाठी मी होकार देतो, मात्र तिची तब्येत ऑपरेशनच्या टेबलावर स्थिर असेल तरच. पुन्हा भरवायची असेल तर २०१७च्या केंद्रीय नियमांची आठवण ठेवा: वयाच्या अठरा महिन्यांच्या आत नाही आणि वर्षात एकाहून जास्त वेत नाही.

एकट्या पिल्लाला भावंडांशी मारामारी करायला मिळत नाही, त्यामुळे चावा किती जोरात घ्यायचा हे त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न उरतो. तो पुढच्या आठवड्यात.