‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका

“याचे वडीलही उशिराच बोलले होते,” हे वाक्य बालरोग विभागात नेहमी ऐकू येते. कधी ते खरेही असते. पण ते तपासणीनेच ठरते.

मूल वर्षाचे होऊनही हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. बोलणे लांबले असेल तर आधी कान तपासा. टाळीला दचकले म्हणजे मुलाला नीट ऐकू येते असे नाही. ‘बेरा’ तपासणी झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही करता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येते. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तपासणी व उपचार मोफत असतात. पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

थेरपी सुरू करायला अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी थांबू नका. पुढे मात्र ते काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिकाची तरतूदही आहे. दिव्यांगत्वामुळे मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

तपासणीत काही निघाले नाही, तर एक खेप वाया जाईल. निघाले आणि उशीर झालेला असला, तर मेंदू झपाट्याने घडण्याची वर्षे हातची जातात.