'पांकर्ती' आणि ल्युब्ल्यानाची बोली

भाषा हाच ज्यांच्या राष्ट्रीयत्वाचा मुख्य आधार, अशा लोकांत स्लोव्हेन लोकांची गणना अगत्याने केली पाहिजे. आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावरील हा लहानसा देश. वस्ती सुमारे २० लाख. १९१८ पर्यंत तेथे हाब्सबुर्ग सम्राटांचे राज्य असल्यामुळे कचेरीत व व्यापारपेठेत जर्मन भाषेचा दबदबा होता. पुढे युगोस्लाव्हिया या संयुक्त राज्यात ही भाषा संख्येने किती तरी मोठ्या सर्बो-क्रोएशियन भाषेच्या शेजारी नांदली. स्वतःचे सार्वभौम राज्य तिला लाभले ते १९९१ मध्ये. मधल्या काळात तिला जिवंत ठेवणारे हात होते ते धर्मोपदेशकांचे, वैयाकरणांचे, कवींचे आणि शाळामास्तरांचे. पहिली छापील स्लोव्हेन पुस्तके प्रिमोझ त्रुबार या धर्मसुधारकाने १५५० साली काढली. प्रेशेरेन (१८००–१८४९) या कवीचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, हा आजही त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. संस्कृतातील जे द्विवचन मराठीने केव्हाच टाकून दिले, ते या भाषेने अद्याप सांभाळले आहे, ही गोष्ट आपल्याकडील व्याकरणप्रेमी वाचकांस विशेष कौतुकाची वाटेल.

परंतु जी भाषा अशी जपून ठेवावी लागते, तिच्या रक्षकांत एक प्रकारचा सोवळेपणा येतो. प्रमाण स्लोव्हेन शुद्ध करताना विद्वानांनी शंभराहून अधिक वर्षे जर्मन शब्द वेचून काढले व त्यांच्या जागी स्लाव धातूंपासून घडविलेले शब्द बसविले. ग्रंथांतून ते शब्द गेले. ल्युब्ल्याना शहराच्या रस्त्यावरून मात्र गेले नाहीत. घरात, बाजारात, पोरांच्या भांडणात ते जसेच्या तसे राहिले. लिहावयाची भाषा एक आणि बोलावयाची दुसरी, हे अंतर सर्वत्रच असते. स्लोव्हेन समाजात त्याला राष्ट्रनिष्ठेचे वजन प्राप्त झाले होते, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुढील हकीकतीचे मर्म समजेल.

इंग्लंडमध्ये १९७६ च्या सुमारास 'पंक' नावाच्या संगीताची लाट उठली. 'पंक' म्हणजे टाकाऊ, हलका मनुष्य. या गाण्यांत दोनतीन स्वरसंगती, दोनतीन मिनिटांचा अवधी, कर्कश गिटार आणि गाण्यापेक्षा ओरडण्याकडे झुकणारा आवाज, एवढीच सामग्री असे. वाद्यावर प्रभुत्व नसणे हा येथे दोष मानला जात नसे; सांगावयाचे काही असणे पुरे होते. ल्युब्ल्यानाच्या कोदेल्येव्हो भागातील पेतेर लोव्शिन व ग्रेगोर तोम्त्स या दोघा तरुणांनी १९७७ मध्ये या धर्तीवर एक वाद्यवृंद उभा केला. लोव्शिन गात असे. तोम्त्स हा गीतरचनेतील त्याचा सहकारी व वृंदाचा व्यवस्थापक. दुशान झिबेर्ना, बोरिस क्राम्बेर्गेर प्रभृती वादक त्यांना मिळाले. पहिला प्रयोग १८ ऑक्टोबर १९७७ रोजी झाला, आणि तो मोस्ते येथील माध्यमिक शाळेत. ज्या संस्थेत मुलांस शुद्ध स्लोव्हेन शिकविले जाई, त्याच संस्थेत ही अशुद्ध गाणी प्रथम गायिली गेली.

'लोखंडी पडद्यामागील पहिले पंक वाद्यवृंद' असे या मंडळींचे वर्णन वारंवार केले जाते. ते सैलपणाचे आहे. युगोस्लाव्हिया १९४८ मध्येच सोव्हिएट गटातून बाहेर पडला होता, तेथील तरुण इटलीत जाऊन ध्वनिमुद्रिका विकत आणीत. शिवाय रिएका शहरातील 'पाराफ' या वृंदाचे समर्थक अग्रमानाचा दावा सोडावयास तयार नाहीत. पहिलेपणाचा हा वाद आपण त्यांच्यावरच सोपवू.

वृंदाचे नाव 'पांकर्ती'. याचा अर्थ अनौरस संतती. पण मराठीतील 'अनौरस' हा शब्द फारच सभ्य आहे. मूळ शब्द शिवीचा आहे आणि तो 'बांकेर्ट' या जर्मन शब्दावरून आलेला आहे. म्हणजे नावातच दुहेरी खोच आहे. शब्दाचा अर्थ अनौरस, आणि शब्दकोशाच्या दृष्टीने शब्दाचे कुळही अनौरस!

१९७८ साली त्यांची पहिली छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. ती 'श्कुत्स' या विद्यार्थ्यांच्या कलाकेंद्राने प्रसिद्ध केली. तिच्यावरील एका गीताचे नाव 'लुब्लाना ये बुलाना', म्हणजे 'ल्युब्ल्याना आजारी आहे'. प्रमाण भाषेत शहराचे नाव 'ल्युब्ल्याना' आणि आजारी या अर्थी विशेषण 'बोल्ना' असे होईल. या मंडळींनी दोन्ही शब्द रस्त्यावरच्या उच्चारास जवळ आणून तसेच छापले. राजधानीच्या नावाचे लेखन मुद्दाम बिघडविणे ही शाळेत छडी खाण्याजोगी गोष्ट. आणि शहर आजारी आहे हे सांगावयाचे, तर ते शहराच्या स्वतःच्या तोंडून सांगितलेले बरे, हा त्यामागील विचार. लोव्शिन 'मी' या अर्थी प्रमाण भाषेतील 'याझ' न म्हणता बोलीतील 'येस्त' म्हणे. सर्वनाम बदलले की बोलणारा बदलतो. 'याझ' म्हणणारा पाठ्यपुस्तकातील नागरिक असतो. 'येस्त' म्हणणारा पलीकडच्या इमारतीतला मुलगा असतो.

पुढे १९८० मध्ये 'दोल्गत्सायट' ही त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाची गुरुकिल्ली या एका शब्दात आहे. कंटाळा या अर्थी प्रमाण स्लोव्हेन शब्द 'दोल्गचास' असा आहे. 'दोल्ग' म्हणजे लांब, 'चास' म्हणजे काळ. लांबलेला काळ म्हणजे कंटाळा, ही कल्पनाही मुळात जर्मनांशी सामायिक आहे. शहरी बोलीने त्यातील पूर्वपद स्लाव ठेवले आणि उत्तरपदी 'त्साइट' हा काळवाचक जर्मन शब्द बसविला. अर्धा शब्द घरचा, अर्धा पाहुण्याचा. तो बोलीत आधीपासून होता, यांनी घडविला नाही. मात्र तो ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत आणण्याचे धैर्य यांचे. आणि विषय तरी कोणता? दारिद्र्य नव्हे, दडपशाही नव्हे, तर कंटाळा. ज्या राज्यव्यवस्थेने तरुणांस शिक्षण, निवारा आणि उज्ज्वल भवितव्याची भाषणे पुरविली होती, तिला 'आम्हांस कंटाळा आला आहे' या तक्रारीवर उत्तर सापडेना. विशेष म्हणजे ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली ती ल्युब्ल्यानाच्या सरकारी रेडिओ-दूरचित्रवाणी संस्थेच्या प्रकाशन विभागाने.

असे का घडले, हे समजण्यासाठी त्या राज्याची घडण पाहावी लागते. युगोस्लाव्हियात सत्ता एका पक्षाची असली तरी विद्यार्थी संघटनांना स्वतःची केंद्रे, पत्रे व प्रक्षेपण चालविण्याची मुभा होती. १९६९ मध्ये सुरू झालेले 'रेडिओ श्टुडेंट' हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील निवेदक व समीक्षक ईगोर विद्मार यांनी या गाण्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि मुभा आणि संशय दोन्ही एकत्र नांदत. टिटो १९८० च्या मे महिन्यात निवर्तले आणि सत्ताधारी अस्वस्थ झाले. १९८१ च्या अखेरीस एका साप्ताहिकाने पंक तरुणांवर नाझीवादाचा आरोप ठेवला. काही मुलांची धरपकड झाली. विद्मार यांना तर अंगरख्यावर लावलेल्या बिल्ल्यांपायी कारावास घडला, आणि त्यांतील एका बिल्ल्यावर नाझीवादाचा उघड धिक्कार होता! बिल्ल्यावरील आकृती पाहणारे अधिकारी तिच्यावरील काट वाचीत नव्हते.

यानंतर 'पांकर्ती'ने जी चाल खेळली ती मोठी मार्मिक होती. इटलीतील कामगारांचे 'बान्दिएरा रोस्सा', म्हणजे लाल निशाण, हे जुने क्रांतिगीत त्यांनी पंक थाटात गायिले. १९८४ च्या त्यांच्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेचे नावच 'लाल संग्रह'. सत्ताधाऱ्यांच्याच पूजेतील गीत. बंदी घालावी तर कशावर? ऐकणाऱ्यास ते भक्तीने गायिले की थट्टेने, हे ठरविता येत नसे, आणि गाणाऱ्यांनीही ते उघड केले नाही. १९८५ च्या 'समेटाची गाणी' या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकही असेच निसरडे आहे. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या स्लोव्हेनांत समेट व्हावा की नाही, हा तेव्हा तेथील सार्वजनिक जीवनातील अत्यंत नाजूक प्रश्न होता.

विद्वानांनीही या प्रकाराकडे पाठ फिरविली नाही. 'प्रोब्लेमी' या वैचारिक नियतकालिकाने १९८१ मध्ये पंक विषयास वाहिलेला अंक काढला. १९८५ च्या सुमारास 'स्लोव्हेनांतील पंक' या विषयावर लेख व कागदपत्रे यांचा संग्रहग्रंथ निघाला. सर्वच लेखन सारख्या मोलाचे होते असे नव्हे. तत्त्वज्ञांनी तीन मिनिटांच्या गाण्यावर लादलेले ओझे कधीकधी हास्यास्पद वाटते. तरी समकालीन अशिष्ट रचनेची दखल ती ताजी असतानाच घेणे, हे थोड्याच साहित्यसंस्थांना साधते. आपल्याकडे १९७२ मध्ये 'गोलपिठा' प्रसिद्ध झाल्यावर त्यातील शब्दांचे अर्थ विचारीत फिरणाऱ्या प्राध्यापकांस ही अडचण परिचयाची वाटेल.

बेलग्रेड व झाग्रेब येथील मोठी बाजारपेठ सर्बो-क्रोएशियनमध्ये गाणाऱ्यास खुली होती. 'पांकर्ती'ने तिकडे जाण्यासाठी भाषा बदलली नाही. ज्यांस त्यांचे शब्द नीट कळत नसत, असे श्रोतेही त्या शहरांत त्यांना लाभले. शुद्धतेच्या रक्षकांना जे भाषेचे विटाळणे वाटले, तेच एका अर्थी तिच्यावरील निष्ठेचे कृत्य ठरले. डिसेंबर १९८७ मध्ये ल्युब्ल्यानाच्या तिवोली सभागृहात निरोपाचा प्रयोग करून वृंद थांबला. पुढच्याच वर्षी त्याच शहरात लष्करी न्यायालयाने चौघा स्लोव्हेनांवरील खटला सर्बो-क्रोएशियन भाषेत चालविला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले.

तोम्त्स पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. युवक चळवळींवरील त्यांचा 'दुसरा स्लोव्हेनिया' हा ग्रंथ १९८९ चा आहे. लोव्शिन गातच राहिले. जुने सवंगडी अधूनमधून एकत्र येत. तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने २००७ मध्ये तिवोली सभागृह पुन्हा भरले. २०१० च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाच्या पाठीराख्यांचे गीत लोव्शिन यांच्याच आवाजात निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'स्लोव्हेनिया पुढे जात आहे' असा असून त्यातील तिन्ही शब्द प्रमाण भाषेतले आहेत.