बॉड, बिट आणि शब्द : तारयंत्रांच्या वेगाचा हिशेब

वेग म्हटला की मोजमाप आलेच. पण मोजायचे काय, हे आधी ठरवावे लागते. टांग्याचा वेग घोड्याच्या टापांवरून सांगायचा की कापलेल्या अंतरावरून, असे कुणी विचारले तर आपण हसू. संदेशवहनाच्या जुन्या यंत्रांबाबत मात्र नेमका हाच घोटाळा होतो. या यंत्रांविषयी वाचताना कुठे 'मिनिटाला ६६ शब्द', कुठे '५० बॉड', तर कुठे 'सेकंदाला ३०० बिट' असे आकडे भेटतात आणि कलाशाखेचा विद्यार्थी ते पान उलटून पुढे जातो. वास्तविक या तिन्ही मापांतील नाते समजण्यास गुणाकार-भागाकारापलीकडे काहीही लागत नाही.

प्रथम बॉड पाहू. एमिल बोदो (१८४५-१९०३) या फ्रेंच तारयंत्रज्ञाने १८७४ साली आपल्या तारयंत्राचे पेटंट घेतले. पाच स्पंदांचे एक अक्षर, ही त्याच्या संकेतलिपीची रीत. त्याच्याच नावावरून 'बॉड' हे एकक रूढ झाले. तारेवरून एका सेकंदात जितके स्पंद जाऊ शकतात, तितके बॉड. म्हणजे ५० बॉडच्या यंत्रात एक स्पंद २० मिलिसेकंद टिकतो.

टेलेक्सचा वेग हाच, ५० बॉड. त्यात प्रत्येक अक्षराचे पाच स्पंद, आरंभखुणेचा एक आणि शेवटच्या खुणेचा दीड, असे एकूण साडेसात स्पंद होत. साडेसात गुणिले २० म्हणजे १५० मिलिसेकंद. म्हणून मिनिटाला ४०० अक्षरे. तारेच्या हिशेबात एक शब्द म्हणजे पाच अक्षरे व एक मोकळी जागा. ४०० ला ६ ने भागले की ६६ शब्द आणि वर थोडे. तेव्हा '५० बॉड' आणि '६६ शब्द' हे एकाच वेगाचे दोन उच्चार ठरतात.

परंतु बॉडच्या आकड्यावरून सरळ त्रैराशिक मांडता येत नाही. १९६० च्या दशकातील 'टेलिटाइप ३३' हे यंत्र ११० बॉडचे. टेलेक्सच्या दुपटीहून अधिक! पण त्यात एका अक्षराला अकरा स्पंद लागत. म्हणजे सेकंदाला १० अक्षरे, मिनिटाला १०० शब्द; वाढ अवघी दीडपट. वृत्तसंस्थांचा इतिहास उद्या आपल्यापैकीच कुणी लिहील. यंत्र बदलल्यावर बातम्या दुपटीने येऊ लागल्या, असे त्याने केवळ बॉड पाहून लिहिले, तर पुढचे सारे निष्कर्षही चुकतील.

आता बिट. तारेवर दोनच स्थिती असतील, तर एक स्पंद म्हणजे एक बिट. टेलिफोनवरून चालणाऱ्या ३०० बॉडच्या मोडेममध्ये म्हणूनच बिटही सेकंदाला ३०० च. पुढे चार स्थितींचे मोडेम आले. चारांपैकी एक स्थिती दोन बिट सांगते. त्यामुळे ६०० बॉडवर १२०० बिट जाऊ लागले. सोळा स्थिती केल्यावर त्याच ६०० बॉडवर २४०० बिट. लोक मात्र त्यांना '१२०० बॉड', '२४०० बॉड' असेच म्हणत राहिले. जुन्या जाहिराती वाचताना हे ध्यानी ठेवावे.

मराठी वाचकाला आणखी एक सावधगिरी हवी. 'सेकंदाला इतकी अक्षरे' हा आकडा रोमन लिपीच्या हिशेबाने दिलेला असतो. संगणकावर आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. आठ बिटांचा बाइट व दोन खुणा असे दहा बिट धरले, तर ३०० बिटांचा मोडेम सेकंदाला ३० बाइट नेईल. तेव्हा एवढ्या एका शब्दाला अर्धा सेकंद!

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. यंत्रे थांबली तरी हिशेबाची सवय उपयोगी पडतेच. इंटरनेटच्या जाहिरातीतील '१०० मेगाबिट' पाहून कुणी हुरळून जाऊ नये. त्याला आठाने भागावे. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हातात पडतात, तेही सारे सुरळीत असेल तर. आकडा दिसला की त्यापुढचे एकक वाचावे, आणि मगच त्यावर विश्वास ठेवावा.