पृष्ठक्रियाकारक प्रथिने, फुप्फुसातील
फुप्फुसातील वायुकोशांच्या आतील पातळ द्रवस्तराचा पृष्ठताण कमी करणाऱ्या स्रावाला फुप्फुस-पृष्ठक्रियाकारक म्हणतात. त्यात सु. ९०% वसा व १०% प्रथिने असतात. बी व सी ही जलविरोधी प्रथिने वसेचा थर पसरवितात. त्यामुळे उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश मिटत नाहीत. ए व डी ही प्रथिने सूक्ष्मजंतू व विषाणू यांच्या पृष्ठावरील शर्करांना चिकटतात आणि महाभक्षी कोशिकांकडून होणारे त्यांचे भक्षण सुलभ करतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील गंभीर श्वसनविकार या स्रावाच्या उणिवेमुळे होतो, असे मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले. १९८० मध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेले द्रव्य अशा अर्भकांच्या श्वासनालात सोडून यशस्वी उपचार केले. प्राणिजन्य औषधी द्रव्यांत बी व सी प्रथिने असतात; संरक्षक ए व डी प्रथिने मात्र निष्कर्षणात निघून जातात.