श्वानासह समुद्रकिनारी: निघण्यापूर्वीचे गणित

प्रतिनिधी, मुंबई

जोडून सुटी आली, की मुंबई-ठाण्याच्या वाहनांची रांग कोकणच्या वाटेला लागते. या वाहनांच्या खिडकीतून बाहेर डोकावणारे लॅब्रॅडॉर किंवा पग हे दृश्यही आता सवयीचे झाले आहे. सदनिकेत वाढणाऱ्या श्वानाच्या वाट्याला शहरात येतो तो इमारतीचा वाहनतळ आणि गल्लीतला पदपथ. त्याला एक दिवस तरी मोकळ्या वाळूवर धावू द्यावे, असे घरातल्यांना वाटणे स्वाभाविक आहे.

परदेशांत अनेक ठिकाणी श्वानांसाठी किनाऱ्याचा ठरावीक भाग आणि ठरावीक वेळ नेमून दिलेली असते. मुंबईलगतच्या किनाऱ्यांवर अशी व्यवस्था रूढ नाही. येथे श्वानाचे स्वागत होईल की नाही, हे महिना, तिथी, दिवसाची वेळ, गावकऱ्यांचा अनुभव आणि श्वानाच्या मालकाचे वर्तन यांवर ठरते. त्यामुळे 'कुठे जावे' या प्रश्नाइतकाच 'केव्हा आणि कसे जावे' हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

किनाऱ्याची निवड

जुहू, गिरगाव आणि दादर येथील चौपाट्यांवर सुटीच्या सायंकाळी पाय ठेवायला जागा नसते. गर्दी, लहान मुले, खाद्यपदार्थांचे उष्टे आणि फुटक्या काचा यांत श्वानाला नेण्यात कोणाचेच हित नाही. शहराच्या उत्तरेकडील मार्वेहून बोटीने मनोरी किंवा बोरिवलीकडून खाडी ओलांडून गोराई गाठता येते. ज्यांना अर्ध्या दिवसात परतायचे आहे, त्यांच्यासाठी वसईची सुरुची बाग आणि नालासोपाऱ्याजवळचे राजोडी व कळंब हे किनारे सोयीचे. सुरूच्या झाडांची सावली ही या पट्ट्याची जमेची बाजू. त्यापुढे पालघर जिल्ह्यात केळवे, डहाणू आणि बोर्डी आहेत. ओहोटीच्या वेळी बोर्डीचा समुद्र बराच आत जातो आणि चालायला मोठा पट्टा मोकळा होतो. मात्र मुंबईहून बोर्डी दीडशे किलोमीटरच्या घरात असल्याने पहाटेच निघावे लागते.

दक्षिणेकडे अलिबाग तालुक्यातील मांडवा, किहीम, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव आणि रेवदंडा हे किनारे एका दिवसाच्या टप्प्यात येतात. रस्त्याने मुंबई-अलिबाग अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाल्यापासून शहराबाहेर पडण्याचा वेळ कमी झाला आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का ते मांडवा या रो-रो सेवेने मोटारीसह सुमारे तासाभरात पलीकडे जाता येते. या बोटीवर पाळीव प्राण्यांसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते. त्यांना कोठे बसवायचे याचे नियम आरक्षणाच्या वेळीच समजून घ्यावेत. गेटवेहून सुटणाऱ्या बोटींबाबत मात्र आधी चौकशी केल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नये.

स्वतःचे वाहन नसणाऱ्यांची अडचण मोठी आहे. रेल्वेच्या नियमांनुसार शयनयान, द्वितीय श्रेणी, वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणी आणि चेअर कार या डब्यांत प्रवाशासोबत श्वान नेता येत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या सहलीसाठी स्वतःची किंवा आधी बोलून ठरवलेली भाड्याची मोटार हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावर पोहोचल्यावर श्वानाला हवी असते ती ओली, घट्ट आणि थंड वाळू. ती ओहोटीच्या वेळीच मिळते. पूर्ण भरतीला बहुतेक किनाऱ्यांवर कोरड्या, भुसभुशीत वाळूची अरुंद पट्टी तेवढी उरते. ती लवकर तापते आणि तिच्यात चालताना श्वानाची दमछाक होते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशोब येथे उपयोगी पडतो. तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांत हिशोब प्रतिपदेपासून नव्याने सुरू होतो आणि भरती दिवसातून साधारण दोनदा येते. तिच्या आधी व नंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी असते.

याचा अर्थ असा, की अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला आणि सायंकाळी सहाला किनारा पाण्याखाली असतो आणि वाळू मोकळी होते ती भर दुपारी, म्हणजे श्वानासाठी सर्वांत वाईट वेळी. उलट द्वितीया ते चतुर्थी या दिवसांत सकाळी पावणेआठ ते नऊच्या सुमारास ओहोटी लागलेली असते. पहाटे निघून साडेसातला पोहोचणाऱ्यांसाठी हा योग उत्तम. हे दिवस पौर्णिमा-अमावास्येला लागून येत असल्याने उधाणाचे असतात, हेही विसरू नये. पाणी वेगाने आत येते आणि ओढ तीव्र असते. काशिदसारख्या किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. श्वान लाटेमागे गेला म्हणून मालकाने पाण्यात उडी घेणे हा दोघांच्या जिवाशी खेळ ठरतो. नेमक्या वेळेसाठी अर्थातच भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे.

उन्हाचा धोका

माणसाप्रमाणे अंगभर घाम येऊन श्वानाचे शरीर थंड होत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांत असतात आणि मुख्य भार धापण्यावरच असतो. कोकणातील दमट हवेत धापण्याचाही उपयोग मर्यादित राहतो. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना हा त्रास फार लवकर होतो. हस्की किंवा सेंट बर्नार्डसारख्या दाट केसांच्या थंड प्रदेशांतील जातींचेही तेच.

निरोगी श्वानाच्या शरीराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या पुढे गेले, तर धोक्याची सूचना समजावी. अखंड धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, उलटी आणि झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी श्वानाला तत्काळ सावलीत आणून अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांच्या आतील बाजूस, साधे थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्यांकडे न्यावे. शुद्ध हरपत असलेल्या श्वानाच्या तोंडात पाणी ओतू नये.

वाळू तापली आहे का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे हाताची मागची बाजू तिच्यावर टेकवून ठेवणे. सात सेकंद हात ठेवणे सोसत नसेल, तर त्या वाळूवर श्वानाचे पंजेही भाजतील. सकाळी दहापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर, एवढाच किनाऱ्याचा वेळ धरावा. मधला वेळ वाडीच्या सावलीत काढावा. अलिबाग परिसरातील काही घरगुती खानावळी अंगणात किंवा पडवीत श्वानाला बसू देतात. काही ठिकाणी सक्त मनाई असते. दूरध्वनीवरून आधी विचारून घेणे बरे, कारण 'आपण जेवून येईपर्यंत तो मोटारीत थांबेल' हा पर्याय जीवघेणा आहे. बंद मोटारीतले तापमान काही मिनिटांत असह्य होते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

वाळूवरचे विष

श्वान जग ओळखतो ते नाकाने आणि जिभेने. किनाऱ्यावर नेमका तेथेच धोका आहे. जाळ्यातून फेकून दिलेला, फुगलेल्या पोटाचा केंड मासा वाळूवर पडलेला असतो. अनेक जातींच्या केंडांत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. ते मज्जासंस्थेवर आघात करते आणि त्यावर उतारा नाही. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर ब्लू बॉटल हे निळसर फुग्यासारखे दिसणारे सागरी जीव वाहून येतात. वाळूवर पडल्यानंतरही त्यांचे तंतू दंश करू शकतात. त्याच दिवसांत काळे तेलगोळेही लागतात. ते पंजांना चिकटतात आणि श्वान ते चाटून पोटात घेतो. ते काढण्यासाठी घासलेट न वापरता खाद्यतेल चोळावे आणि नंतर साबणाने धुवावे.

समुद्राचे पाणी हेही एक संकट. तहानलेला श्वान खारे पाणी पितो, चेंडू तोंडात धरताना गिळतो. थोड्या प्रमाणात जुलाब आणि उलट्या होतात. जास्त प्रमाणात रक्तातील क्षार वाढून झटके येऊ शकतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी घरचे गोडे पाणी पाजणे हाच त्यावरचा उपाय.

किनाऱ्याचे मूळ रहिवासी

श्वानाला मानवणारे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अडचण अशी, की किनाऱ्यावरील इतर जिवांचाही मोसम हाच आहे. हिवाळ्यात कुरव, चिखल्या, तुतवार असे स्थलांतरित पक्षी आपल्या किनाऱ्यांवर येतात. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा गाजलेला अभ्यास केला, तो किहीम येथेच. शेजारच्या आक्षीला आजही पक्षी निरीक्षकांचा राबता असतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत हे पक्षी अन्न टिपतात. थव्यावर धावून जाणारा श्वान पाहून मालकाला मौज वाटते. परंतु प्रत्येक उड्डाणात पक्ष्याने परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती खर्च होत असते. थवा दिसताच श्वानाला साखळीला लावून दुरून वळसा घ्यावा.

कासवांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येऊन, भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून अंडी घालतात. पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. या काळात कोल्हे आणि कुत्री वास काढत घरटी उकरतात. वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या मदतीने अंडी सुरक्षित ठेवण्याचे काम उभे केले. पुढे हरिहरेश्वर, दिवेआगर अशा अनेक गावांत तशी चळवळ उभी राहिली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि वेळास हे किनारे या मोसमात श्वानप्रेमींनी वर्ज्य मानावेत, हे उत्तम. मुंबईकरांनी हा प्रश्न दूरचा समजू नये. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, नागरिकांच्या स्वच्छता मोहिमेनंतर, कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली होती.

पक्षी-कासवांप्रमाणेच किनाऱ्यावर माणसेही राहतात. वाळूत किंवा बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील आणि सुकट हे कोळी कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न असते. तेथे श्वानाने तोंड घातले किंवा पाय वर केला, तर संताप होणारच. गावातील भटक्या कुत्र्यांचीही आपापली हद्द असते. मोकळा सोडलेला शहरी श्वान तिच्यात शिरला, की टोळी अंगावर येते. बोलावताच परत न येणाऱ्या श्वानाला लांब दोरीवरच खेळवावे. टांग्याचे घोडे आणि वाळूवर फिरणाऱ्या गाड्या यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

विष्ठा उचलणे हा तर किमान शिष्टाचार. वाळू उकरून ती पुरणे म्हणजे स्वच्छता नव्हे. भरतीला ती पुन्हा वर येते आणि त्याच वाळूत मुले किल्ले करतात. कागद किंवा पिशवीने उचलून ती गावात न टाकता कचराकुंडीपर्यंत किंवा घरापर्यंत नेणे ही जबाबदारी मालकाचीच.

निघण्यापूर्वी

* रेबीजसह सर्व लसी वेळेवर झाल्या आहेत ना, ते पाहावे आणि नोंदपुस्तिका सोबत ठेवावी. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला नेऊ नये.

* गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा.

* पिण्यासाठी आणि परतताना अंघोळीसाठी मिळून किमान दहा-बारा लिटर गोडे पाणी, वाडगा, टॉवेल आणि छत्री घ्यावी.

* प्रवासाच्या किमान तीन तास आधी जेवण द्यावे. मोटार लागण्याची सवय असल्यास पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

* जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि सुटीच्या दिवशीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

* परतण्यापूर्वी मीठ आणि वाळू धुऊन काढावी. कान कोरडे करावेत, विशेषतः लोंबत्या कानांच्या जातींचे. बोटांच्या बेचक्यांत शिंपल्याचे तुकडे आणि गोचिडी पाहाव्यात.

शहरातील अनेक सोसायट्यांच्या उद्यानांवर 'कुत्र्यांना मज्जाव' अशी पाटी लागलेली दिसते. तिच्यामागे बहुधा दोन-चार मालकांच्या बेपर्वाईचा इतिहास असतो. किनाऱ्यांवर अद्याप बहुतेक ठिकाणी तशी पाटी नाही. ती लागली, तर साखळी हातात धरून चालणाऱ्या आणि विष्ठा उचलणाऱ्या मालकांनाही परत फिरावे लागेल.