ठणकणारा कान, न ठणकणारा कान

कान ठणकायला लागतो तो बहुतेक वेळा रात्रीच. दिवसभर हुंदडलेलं मूल झोपेतून रडत उठतं, एक कान हातानं दाबून धरतं आणि घर जागं होतं. कुणी पळीत तेल तापवून त्यात लसणाच्या पाकळ्या टाकतं, कुणी रुईचं पान शेकायला घेतं, आणि सकाळी डोक्यावरून पाणी घातल्याचं खापर आईच्या माथी फुटतं. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यापासून एकीकडे बिदर-भालकी आणि दुसरीकडे अक्कलकोट-सोलापूर, या पट्ट्यात घरी कन्नड बोलोत की मराठी, उपायांची यादी फारशी बदलत नाही. या सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच समजूत आहे. जिथं दुखतं तिथंच रोग असतो, जितकं दुखतं तितका तो मोठा असतो आणि दुखायचं थांबलं की तो गेलेला असतो. शरीराच्या इतर भागांबद्दल ही समजूत बऱ्याच अंशी चालून जाते. कानाच्या बाबतीत मात्र तिच्यातली तिन्ही कलमं वरचेवर खोटी ठरतात, आणि कानाचं जे नुकसान होतं ते बहुतांशी त्यामुळेच.

आधी पाण्याचं बघू. ‘अंघोळीत पाणी गेलं म्हणून कान फुटला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मोठ्या माणसाच्या कानाची बाहेरची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या टोकाला पडदा असतो. हा पडदा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा, पण शाबूत असेल तर अंघोळीचं पाणी त्यातून पलीकडे जात नाही. पडद्यामागे मधला कान आहे, हवेनं भरलेली एक छोटी पोकळी. तिथं हवा पोचवणारी नळी उघडते नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात. मोठ्यांत ही नळी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि तिरकी उतरती असते. तान्ह्या मुलात ती जवळपास निम्मी आणि बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, आतली हवा शोषली जाते, पाणी साचतं आणि नाक-घशातले जंतू तिथं वाढतात. म्हणजे लहान मुलाचा कान बिघडतो तो नाकाच्या वाटेनं, न्हाणीघराच्या नव्हे. आडवं निजवून बाटलीनं दूध पाजणं, घरातला विडीचा आणि चुलीचा धूर, नाकामागे वाढलेल्या गाठी ही त्याला हातभार लावणारी कारणं. आईचं दूध आणि न्यूमोकोकसची लस त्यापासून काही प्रमाणात राखतात. ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. डोक्यावरून पाणी घालणाऱ्या आईला दोष देण्यापेक्षा लसीकरणाचं कार्ड काढून बघणं जास्त उपयोगाचं.

आता त्या रात्रीच्या ठणक्याकडे परत येऊ. मधल्या कानात पू साचला की पडदा आतून ताणला जातो. पडद्यात वेदनेचे मज्जातंतू दाट असल्यामुळे हे दुखणं असह्य होतं, आणि आडवं झाल्यावर रक्ताचा दाब त्या बाजूला वाढतो म्हणून रात्री जास्त. पुढं दोनपैकी एक घडतं. बहुतेक मुलांत शरीरच संसर्गाला आवरतं. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं चोवीस तासांत थांबतं, मग अँटिबायोटिक दिलेलं असो वा नसो. उरलेल्यांपैकी काहींमध्ये पडद्याला बारीक भोक पडतं, उशीवर पिवळसर डाग दिसतो आणि मूल एकदम शांत झोपतं. दोन्ही प्रसंगी आदल्या रात्री तेल घातलेलं असतं, त्यामुळे श्रेय तेलाला मिळतं. दुसऱ्या प्रसंगी तर दुखणं थांबलं ते पडदा फाटल्यामुळे. घरच्यांना मूल बरं वाटायला लागतं नेमकं त्याच क्षणी, जेव्हा त्याच्या कानावर लक्ष ठेवायची सर्वांत जास्त गरज असते.

यावर आक्षेप येणार हे उघड आहे. आजी-पणजीपासून तेल घालत आले, कुणाचे कान गेले नाहीत, आणि आयुर्वेदातही कर्णपूरण, म्हणजे कानात तेल भरणं, सांगितलंय की. पण सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग वेगवेगळे मोजले आहेत. कर्णशूल, म्हणजे कानाचं दुखणं, त्यातला एक, आणि कर्णस्राव, म्हणजे वाहणारा कान, निराळा. अठ्ठावीस रोगांना पळीतलं एकच तेल, हा शोध सुश्रुताचा नाही, आपला आहे. तेलाला कानात काही जागाच नाही असंही नव्हे. मळ वाळून दगड झाला असेल आणि पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर कोमट बदामाचं किंवा ऑलिव्हचं तेल तो मऊ करतं. डॉक्टरही ते सांगतात. रात्री रानात राखणीला झोपलेल्याच्या कानात जिवंत किडा शिरला तर तेलाचे चार थेंब घालून तो आधी मारणं हा योग्य उपाय आहे, कारण किड्याची फडफड पडद्यावर होते तेव्हा माणूस वेडापिसा होतो. पण मधल्या कानातल्या पुवापर्यंत पडद्याबाहेरचं तेल पोचतच नाही. पडदा फाटलेला असला तर ते पोचतं आणि संसर्ग वाढवतं. कडकडीत तेलानं नळीची कातडी भाजते. रुईचा चीक तर कातडी जाळणाराच. आणि ओलसर, तेलकट, उबदार नळीत बुरशी फोफावते. कान खाजतो, भरल्यासारखा होतो, आत काळे ठिपके असलेला ओल्या कागदासारखा लगदा दिसतो. मग त्या खाजेवर आणखी तेल घातलं जातं.

कानात काही अडकलं तरी लोक तेल-पाणी घालतात, त्याबद्दल या भागापुरतं एक सांगायला हवं. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खळ्याशेजारी खेळणारी मुलं तुरीचा किंवा हरभऱ्याचा दाणा कानात घालतात, आणि घरची मंडळी तो वाहून यावा म्हणून पाणी सोडतात. दाणा भिजून फुगतो आणि नळीत असा घट्ट बसतो की साध्या हुकानं निघाला असता तो काढायला मुलाला भूल द्यावी लागते. कोरड्या दाण्याला पाणी लावू नये आणि केसाच्या पिनेनं तो आत ढकलू नये, एवढं पाळलं तरी पुरे. खेळण्यातला किंवा घड्याळाचा चपटा सेल अडकला असेल तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखाना गाठावा, कारण तो काही तासांत कातडी जाळतो. त्यावर तर कुठलाच थेंब टाकायचा नाही.

पाणी मात्र पूर्ण निर्दोष नाही. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर बुडी मारून आल्यावर किंवा उन्हाळाभर विहिरीत पोहल्यावर जो कान ठणकतो, त्यात बिघडते ती बाहेरची नळी. पाण्यानं कातडी भिजून हुळहुळी होते. वर काडी, चावी किंवा कापूस लावलेली प्लास्टिकची बड फिरली की ओरखडा पडतो आणि जंतू शिरतात. हे दुखणं घरच्या घरी ओळखता येतं. कानाची पाळ हलकेच मागे-वर ओढायची, नाहीतर कानाच्या तोंडाशी गालाच्या बाजूला जो छोटा कुर्चेचा उंचवटा असतो तो दाबायचा. कळ आली तर रोग बहुधा बाहेरच्या नळीत आहे. पाळ ओढून काहीच वाटत नाही पण आतून ठणका आहे आणि सर्दी झालेली आहे, तर मधला कान. घास चावताना दुखत असेल तर जबड्याचा सांधा किंवा दाढ. ही खूण शंभर टक्के खात्रीची नाही, पण तेल तापवण्याआधी तिला दहा सेकंद द्यायला हरकत नाही. मळ म्हणजे घाण, तो आठवड्याला काढलाच पाहिजे, ही समजूतही इथंच निकालात काढू. मळ आम्लधर्मी असतो, जंतूंना रोखतो, आणि नळीची कातडी आतून बाहेर सरकत असल्यानं तो आपोआप बाहेर येतो. बड त्याला उलट आत ठासते. मधुमेही म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर ही हौस महागात पडू शकते. बाहेरच्या नळीतला साधा वाटणारा संसर्ग अशा माणसात कवटीच्या हाडात शिरतो. रात्री झोप उडवणारं, गोळ्यांना न जुमानणारं दुखणं ही त्याची खूण. साखर असलेल्या माणसाचा ठणका दोन दिवस थांबून बघायचा नसतो.

आता तीन कलमांतलं सर्वांत घातक: दुखत नाही म्हणजे काळजी नाही. पडद्याचं भोक बुजलं नाही आणि कान आठवड्यानुआठवडे वाहत राहिला, तर तो सहसा दुखत नाही. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. मुलाच्या कानात कापसाचा बोळा दिसतो, मास्तरांच्या लेखी ते मूल ‘लक्ष न देणारं’ ठरतं आणि घरी सांगितलं जातं की वयात आल्यावर आपोआप थांबेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानं जगात साडेसहा ते तेहेतीस कोटी लोकांचे कान असे वाहतात असा अंदाज दिला, त्यातल्या सुमारे ६० टक्क्यांचं ऐकणं लक्षणीय घटलेलं, आणि सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या देशांत भारत होता. केंद्र सरकारनं बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू केला तो उगाच नव्हे. टाळता येण्याजोग्या बहिरेपणाचा मोठा वाटा या वाहत्या कानांचा आहे. यातही घाण वास येणारा थोडासाच पू जास्त भयंकर. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कातडीची पिशवी वाढत जाऊन हाड कुरतडते. तोंड वाकडं होऊ शकतं, चक्कर येते, मेंदूपर्यंत पू जातो. लेखक ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये पॅरिसला वारला तो कानातून मेंदूच्या आवरणात गेलेल्या संसर्गानं, असं त्याच्या आजाराचा अभ्यास केलेल्या बऱ्याच डॉक्टरांचं मत आहे. आणि त्याचे वडील डब्लिनमधले नामांकित कानाचे सर्जन होते.

वाहत्या कानाला दुकानातून आणलेले थेंब लावत राहणं हाही उपाय नव्हे. काही थेंबांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. पडद्याला भोक असताना ते आतल्या कानापर्यंत जाऊन ऐकणं आणखी कमी करू शकतं. स्टेरॉइड मिसळलेले थेंब बुरशीला उलट पोसतात. कान पुसून कोरडा ठेवणं, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा घालणं, तपासून दिलेले थेंब ठरल्या दिवसांपर्यंत टाकणं आणि भोक उरलंच तर कानशिलाच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा घेऊन नवा पडदा बसवणं, असा हा क्रम आहे. या शस्त्रक्रियेनं मेंदूला धक्का बसतो किंवा उरलंसुरलं ऐकणं जातं ही भीती गावोगाव आहे. कुठल्याही शस्त्रक्रियेत थोडा धोका असतोच. पण वर्षानुवर्षं वाहू दिलेल्या कानातला धोका त्याहून बराच मोठा. मोठं रुग्णालय लांब आहे, ही सबब खरी आहे. म्हणून आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कान दाखवून चिठ्ठी घ्यावी. कलबुर्गी, बिदर आणि सोलापूर तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

मग त्या रात्री करायचं काय? दुखणं थांबवायचं, कारण ते खरं आहे आणि मुलाला सोसायला लावण्यात काही शहाणपण नाही. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबानं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चार वेळांहून जास्त नाही. उशी थोडी उंच, कानाबाहेरून कोमट फडक्याचा शेक, कानात काही नाही. अँटिबायोटिकबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात, ताबडतोब हवंच किंवा कधीच नको. वर सांगितलेल्या त्याच चाचण्यांतून दिसलं की दोन-तीन दिवसांनीही दुखत राहणं अँटिबायोटिकनं टळतं ते वीस मुलांत जेमतेम एकाचं, आणि जुलाब-पुरळ मात्र बऱ्याच जणांना होतात. म्हणून धडधाकट, दोन वर्षांवरच्या मुलाला डॉक्टर दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवतात. सहा महिन्यांखालचं बाळ, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान, जोराचा ताप, वाहायला लागलेला कान, इथं वाट बघत नाहीत. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, मूल गुंगीत गेलं, तोंड वाकडं झालं, तर सकाळचीही वाट बघू नये.

राहिलं पहिलं कलम, दुखतं तिथंच रोग असतो हे. कानाला संवेदना पुरवणारे मज्जातंतू दात, जबडा, टॉन्सिल, जीभ आणि स्वरयंत्र यांनाही पुरवतात. त्यामुळे घशात किंवा दाढेत बिघाड झाला तरी मेंदूला तो कानातून आल्यासारखा भासतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलं कान दुखतो म्हणून रडतात ते याच कारणानं. मुलांत हे सहसा किरकोळ असतं. प्रौढांत तसं धरून चालता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २१.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे, लावणारे किंवा मशेरी घासणारे निघाले, आणि चुना-तंबाखूची डबी या भागातल्या शेतावर नवी नाही. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखतोय, ऐकू नीट येतंय, डॉक्टरांनी बघितलं तर पडदा स्वच्छ. अशा वेळी ‘कानात काही नाही’ हे ऐकून निर्धास्त घरी येणं चुकीचं. जिभेच्या मागच्या भागातला किंवा घशातला कर्करोग कधी कधी फक्त कानाच्या दुखण्यातून पहिल्यांदा कळतो. गिळताना अडखळणं, आवाज बसणं, मानेत गाठ ही पुढची लक्षणं यायच्या आधीच तोंड पूर्ण उघडून, जीभ बाजूला करून आणि दुर्बिणीनं घसा तपासून घ्यायचा असतो. डॉक्टर स्वतःहून विचारत नसतील तर तंबाखूचं आपणच सांगावं. कान दाखवायला गेलेला माणूस ते सहसा सांगत नाही.