पणजोबांच्या मागे जाताना : नाव नव्हे, दुवा शोधा

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीवर सापगाव लागतं. या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात विचारा, "तुमचा मूळपुरुष कोण?" तर उत्तर साधारण एकच येतं. "आमचा आजा-पणजा इकडे आला, रान तोडलं, खाचरं पाडली, आणि गाव बसलं." नाव विचारलं की मात्र गाडी पणजोबांपाशी अडते. तिथून पुढे कसं जायचं, ते आज आपण पाहू.

हा नुसता हौसेचा विषय नाही. जात पडताळणीला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागतात. वनहक्काच्या दाव्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आणि समृद्धी महामार्गासारख्या कामात जमीन गेली, पण सातबाऱ्यावर अजून पणजोबाच असले, तर मोबदल्याआधी वारस सिद्ध करत बसावं लागतं.

अमेरिकेत लोक आपला पूर्वज जनगणनेत शोधतात. तिथली पहिली जनगणना १७९० ची. ७२ वर्षं झाली की तिथली घरोघरची पत्रकं लोकांना खुली होतात. १९५० ची पत्रकं २०२२ मध्ये खुली झाली. पण त्यांचीही एक अडचण आहे. १८४० पर्यंतच्या पत्रकांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकी माणसांचे नुसते आकडे. रान तोडून नव्या मुलखात घर बांधणाऱ्याचं नाव सापडतं, पण त्याच्या बायकोचं आणि पोरांचं सापडत नाही.

आपल्याकडे १८७२ पासून जनगणना आहे, तरी हा रस्ता बंद आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याने माणसागणिक माहिती गुप्त ठेवलेली आहे. एक फट मात्र आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी त्याच माहितीवरून गावोगाव 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' लिहिलं गेलं. त्यात घरवार माणसांची नावं आहेत. हे रजिस्टर सगळीकडे टिकलेलं नाही, पण तहसीलच्या अभिलेख कक्षात त्याची चौकशी जरूर करा. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी जे जुने कागद तपासले गेले, त्यांच्या यादीत हेही होतं.

बाकी आपला खरा आधार महसुली दप्तर. इथे लोक पहिली चूक करतात ती नावाच्या मागे धावण्याची. समजा, तुमच्या पणजोबांचं नाव धर्मा. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतंच. 'राघो बिन धर्मा' किंवा 'राघो वलद धर्मा' असं लिहिलेलं असतं. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. एका गावात चार धर्मा असू शकतात. मग आपला कोणता?

म्हणून आम्ही म्हणतो, नाव शोधू नका, दुवा शोधा. बाप आणि मुलगा दोघंही ज्या एका कागदावर आहेत, तो दुवा. असा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. खातेदार मयत झाला, त्याच्या जागी अमुक वारस लागले, अशी ती नोंद. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. शेवटचा नंबर घ्या, तो फेरफार काढा, त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळेल, मग त्याच्या आधीचा फेरफार. एकेक पायरी मागे. मधली पायरी उडी मारून ओलांडली, की दुसऱ्याच्या घराण्यात शिरलात म्हणून समजा.

हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफार साधारण तिथपर्यंत नेतात. त्याच्या मागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातले मोजणीच्या काळातले कागद. तिथे माणूस बदलतो पण जमीन बदलत नाही, म्हणून सर्व्हे नंबर घट्ट धरून ठेवा. जिथे एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबराचा गट नंबर झाला आहे, तेव्हा जुना-नवा नंबर जुळवून घ्या. बरेच कागद मोडीत असतात आणि सालं शक किंवा फसली असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, आपल्याकडच्या फसलीत ५९०. वर्षाची सुरुवात वेगळी असल्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. शहापूरच्या भागाला जुन्या कागदांत 'कोळवण' म्हणत, हेही ध्यानात असू द्या.

आता कागद काय लपवतो ते. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' दिसलं तर ते 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव थोरल्याचं. धाकट्याचे वंशज म्हणतात, "आमचं नावच नाही." नाव नाही म्हणजे हक्क नाही, असं नव्हे. पण दुवा दुसरीकडून आणावा लागतो. अमेरिकेच्या त्या जुन्या पत्रकांसारखंच झालं हे. मुलींचं तर त्याहून अवघड. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलगे असताना मुलींची नावं सहसा येतच नाहीत.

आणि ज्यांना जमीनच नव्हती, त्यांचं काय? कातकरी, ठाकर, रानातल्या पाड्यावरची माणसं. त्यांच्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात बऱ्याचदा बापाचं नाव आणि जात असते. दुसरं, शाळेचं जनरल रजिस्टर. तिथली जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव मोठा, तीवर विसंबू नका. बापाचं नाव आणि जात मात्र कामाची. ज्यांची माणसं कसारा घाट चढून त्र्यंबकेश्वरला गेली असतील, त्यांनी तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहाव्यात. तिथे गाव आणि जात सांगितली की कधी कधी पाच-पाच पिढ्या एका पानावर मिळतात.

यातलं काहीच नसेल, तर म्हाताऱ्या माणसांचा शब्द उरतो. त्याला कमी समजू नका. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत ज्येष्ठांचा लेखी जबाब हा पुरावा धरला आहे, आणि जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत नेणारी वंशावळही. अट एकच, जबाब दावेदाराचा स्वतःचा नको.

तेव्हा तहसीलला उद्या जा, आधी आज रात्री घरातल्या सगळ्यात वयस्क बाईजवळ बसा. आजी सून म्हणून या घरात आली, तेव्हा तिला सासर आणि माहेर अशी दोन घराणी पाठ असतात. कोण कुठल्या गावातून आलं, कोणाची बहीण कुठे दिली, कुठल्या खाचराला काय म्हणत, ते तिच्या शब्दांत लिहून घ्या. तारीख घाला, ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. कचेरीतला कागद आणखी वर्षभर थांबेल. आजी थांबेलच असं नाही.